अंगी लागणं

गुरुलिंगनं पंचशीलाचं बोट टोचलं ते केवळ हाताला काम नव्हतं म्हणून. बेचाळीस बायांच्या रक्ततपासणीचा कागद टाईप होऊन यायचा होता, टाईप करणारा जेवायला गेला होता, आणि लातूरच्या दवाखान्यातल्या त्या बोळासारख्या खोलीत दोघं समोरासमोर बसून पंख्याकडं बघत होते. बेचाळीस जणींचं बघितलं, आता त्रेचाळिसावीचं बघू, असं म्हणून त्यानं सुई काढली आणि पंचशीलानंही हसत हसत बोट पुढं केलं. सदा दुसऱ्यांची बोटं धरणाऱ्या बाईला स्वतःचं बोट पुढं करताना जी बारीकशी गंमत वाटते, ती तिला वाटत होती. रक्ताचा थेंब त्यानं काचेच्या नळीनं ओढला, आम्लात सोडला, तो तपकिरी झाला. मग थेंब थेंब पाणी घालत, शेजारच्या काचेच्या रंगाशी रंग जुळेपर्यंत तो खिडकीच्या उजेडात एक डोळा मिटून बसला. रेघ वाचून म्हणाला, हिमोग्लोबिन साडेआठ. ती म्हणाली, नीट बघा. त्यानं नीट बघितलं. साडेआठच होते.

बाईच्या अंगात बारा तरी असावेत, हे वाक्य गेली चार वर्षं ती इतक्या वेळा बोलली होती की झोपेतही बोलत असेल. औश्याच्या पुढं एका आरोग्य केंद्रात ती नर्स होती आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेल्यापासून तिचं काम केंद्रात कमी आणि पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जास्त होतं. तिथं माती वाहणाऱ्या बायांच्या पापण्या ओढून बघितल्या तर आत चुन्यासारखं पांढरं. डिसेंबरात लातूरच्या दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या गुरुलिंगनं पेटी घेऊन येऊन सगळ्यांचं रक्त तपासलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं रोज प्रत्येकीला लोहाची एक लाल गोळी द्यायला सुरुवात केली. बाया गोळीला भ्यायल्या. कुणी म्हणालं, ही पोरं बंद करायची गोळी असंल. तेव्हा पंचशीलानं सगळ्यांसमोर एक गोळी जिभेवर ठेवली, गिळली, आ करून दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवसापासून तो रिवाजच झाला, आधी बाईची गोळी, मग बायांची. म्हणजे डिसेंबरपासून मार्चपर्यंत नव्वदाच्या वर गोळ्या तिच्या स्वतःच्या पोटात गेल्या होत्या, आणि आत साडेआठ.

कागद घेऊन ती बसस्टँडवर आली. लातूर जिल्हा होऊन सातच महिने झाले होते आणि गाव नव्या सुनेसारखं अवघडलेलं होतं. जिकडं बघावं तिकडं ओल्या रंगाच्या पाट्या, भाड्याच्या घरांत थाटलेली कार्यालयं, स्वयंपाकघरात फायलींची कपाटं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस कुठल्यातरी साहेबाला शोधत होता. या सगळ्या गडबडीत तिला आपल्या अंगातलं रक्त चालताना जाणवत होतं, पातळ, घाईघाईनं. जिना चढताना धाप लागते ती उन्हामुळं, डोळ्यांपुढं काजवे येतात ते जागरणामुळं, असं ती स्वतःला सांगत आली होती, जसं त्या बाया तिला सांगायच्या. आणि तरी, नवल म्हणजे, औश्याच्या गाडीची वाट बघत उभी असताना तिला आनंद होत होता. चोरून ठेवावा असा आनंद. आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या तपासणीत बायांचं रक्त काडीभरही वाढलेलं दिसलं नाही, तेव्हा तिच्या केंद्राचे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "सिस्टर, गोळ्या पोटात गेल्यात का पाझर तलावात?" कामावरचा मुकादम हसला, गुरुलिंग हसला नाही, ती मात्र हसली. ते हसू आठ दिवस घशात अडकून होतं. तिनं गोळ्या वाटल्याच नाहीत, असं ते म्हणत नव्हते, पण म्हणायला एकच पायरी उरली होती. आता तिच्याकडं एक साक्षीदार होता, तिचं स्वतःचं रक्त. स्वतःला तर तिनं फसवलं नव्हतं.

गाडी हलल्यावर मात्र आनंद निवळला आणि तळाशी प्रश्न दिसू लागला. गिळलेलं गेलं कुठं? खिडकीतून उघडी रानं पळत होती, ज्वारीची खुरटी धाटं कापून नेल्यावर उरलेली, आणि तिला आई दिसत होती. मुदखेडच्या रेल्वेच्या एका खोलीच्या घरात चुलीपुढं बसलेली चांगुणाबाई, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला हातातली भाकरी दाखवत सांगणारी, की एवढं घालते पोरीला पण हिच्या अंगी काही लागत न्हाई. पंचशीला हाडकुळी होती. ते वाक्य ऐकलं की तिला आपण घरातलं अन्न वाया घालवणारी चोर आहोत असं वाटायचं. दवाखान्यात आईनं एकदा तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं होतं आणि काटा जिथं थांबला तिथं आईनं बोटानं हलवून बघितला, तो अडकला असेल म्हणून. त्या आठवणीनं तिला गाडीत हसू आलं. शेजारच्या म्हातारीनं कशाला हसता म्हणून विचारलं, तर काय सांगणार. तिनं कागद उघडला आणि रकाने वाचू लागली. सात, सात. आठ, आठ. साडेसात, सात. बेचाळीस नावं आणि समोर आकड्यांच्या जोड्या, जुळ्या बहिणींसारख्या. औसा यायला दोन मैल राहिले असतील तेव्हा तिचं बोट एका ओळीवर थांबलं. नागुबाई. डिसेंबर सात. मार्च दहा.

टाईपाची चूक असेल, असं तिला आधी वाटलं. पण गुरुलिंगच्या हस्ताक्षरातली मूळ यादी तिच्या पिशवीत होती, तीतही दहाच. आणि नागुबाई तर पोटुशी होती. तिचं रक्त उलट कमी व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पंचशीला कामावर पोचली ती थेट नागुबाईपाशी. गोळ्या वाटायची वेळ चहाची होती. ही कल्पना तिचीच आणि तिला तिचा अभिमान होता. एरवी बाया चारी दिशांना पांगलेल्या असायच्या, पण दहाच्या सुमाराला मुकादम चहा उकळायचा तेव्हा एकही बाई हाक मारावी लागायची नाही. दूध मिळत नव्हतं, म्हणून कोरा, गुळाचा, काळाकुट्ट चहा. सकाळच्या अर्ध्या भाकरीवर आलेल्या बायांची भूक त्यानं मरायची, पाटी उचलायला हात उठायचे. एका हातात चहा, दुसऱ्या हातात गोळी. पाणीही वाचायचं, कारण टँकर एक दिवसाआड यायचा. जिल्ह्याच्या बैठकीत तिनं हे सांगितलं होतं तेव्हा कुणीतरी मान डोलावून लिहून घेतलं होतं. आज तिनं वाटताना नागुबाईकडं नीट बघितलं. नागुबाईनं गोळी घेतली, चहाची वाटी मात्र न बघताच शेजारच्या पारूबाईकडं सरकवली आणि पदराच्या गाठीतून काहीतरी काढून तोंडात टाकलं.

तिनं विचारलं तर नागुबाई लाजली. तिला वाटलं, चोरी पकडली. तिला दिवस राहिल्यापासून चहाचा वासही सहन होत नव्हता, उमासे यायचे. गोळीनंही यायचे. म्हणून ती गोळीवर आवळकाठीचा तुकडा चघळायची, त्यानं पोटात ठरायचं. माहेरून आणलेला सुकवलेला आवळा होता, कधी तो नसला तर लिंबाची फोड. "आन् चा?" पंचशीलानं विचारलं. "चा मी पितच न्हाई बाई. पारूअत्या पिऊन राहिल्यात माझ्या वाटचा. सांगू नका मुकादमाला, बंद करंल." पारूबाईनं वाटीतून तोंड वर न काढता होय म्हणून मान हलवली. पंचशीलानं उभ्या उभ्या पिशवीतून कागद काढला. पारूबाई: डिसेंबर साडेसात, मार्च सात. दोन वाट्या चहा आणि अर्ध्या आकड्यानं उतरलेलं रक्त.

तिच्या हातात स्वतःची वाटी होती. ती निम्मी संपली होती. त्या दिवसातली ती तिसरी होती आणि अजून गावात सात-आठ घरं व्हायची होती. प्रत्येक घरी चहा. ती वाटीकडं बघत राहिली. मग उरलेल्या चहात तिनं पिशवीतली एक जादा गोळी टाकली. का टाकली हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. लाल वेष्टन सुटत गेलं, तळाशी हिरवट पांढरं पीठ झालं आणि मग काडीनं ढवळलं तसा चहा काळा पडू लागला. तो आधीही काळा होता, पण तो उजेडातला काळा, तपकिरी झाक असलेला. हा काळा वेगळा होता, निळसर, न हलणारा. तो तिनं कुठंतरी पाहिला होता. कुठं? माती वाहणाऱ्या बायांची रांग तिच्यासमोरून गेली, परत आली, आणि तिच्या बोटांना डाग आठवला. चौथीत असताना गुरुजी वर्गातच शाई करायचे. हिरडे कुटून पाण्यात उकळायचे आणि त्यात गंजके खिळे टाकून मडकं कोपऱ्यात ठेवायचे. आठ दिवसांनी शाई तयार. ती बोटांवरून जायची नाही, आई राखेनं घासायची तरी जायची नाही. मधल्या सुट्टीत पंचशीला त्या मडक्यात डोकावून खिळे कुठं गेले ते बघायची. तुरट हिरड्यानं लोखंडाला धरलं की सुटका नाही. चहाही तुरटच.

त्याच दुपारी रजा टाकून ती पुन्हा लातूरला गेली. गुरुलिंग उदगीरकडचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, बाहेरून एक कप चहा मागवला, कपाटातून गोळी काढून खलात कुटली आणि काचेच्या दोन नळ्यांत अर्धी अर्धी टाकली. एकीत चहा, एकीत लिंबू पिळलेलं पाणी. चहाची नळी शाईसारखी झाली, लिंबाची फिकट स्वच्छ राहिली. मग तो वरच्या मजल्यावर गेला आणि एका डॉक्टरकडून जाडजूड पुस्तक घेऊन आला. त्यात याबद्दल चारच ओळी होत्या. लोहाबरोबर चहा घेतला तर लोह फारसं आतड्यातून रक्तात जात नाही, आंबट घेतलं तर जास्त जातं, एवढंच. त्यानं त्या दोनदा वाचून दाखवल्या आणि चष्मा काढून म्हणाला, "सिस्टर, तीन महिने तुमी बायांच्या पोटात शाई भरून राहिलात."

पंचशीला हसायला लागली. आधी नाकातून, मग आवाजानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गुरुलिंगही हसला. कारण तिला आणखी एक गोष्ट आठवली होती. बाया गोळ्या खरंच खातात का, हे ताडायला ती त्यांना शौचाचा रंग विचारायची. काळा म्हटलं की ती खूश व्हायची, खूण करायची. म्हणजे जे वाया जात होतं त्याचीच ती नोंद ठेवत होती आणि तीच पुरावा समजत होती. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले. तीन महिने. बेचाळीस बाया तिच्याकडं बघून तोंड उघडत होत्या, आ करून दाखवत होत्या, शाळेतल्या मुलींसारख्या. त्यांच्यापैकी एकीनंही गोळी थुंकली नव्हती. वाईट वाटायला हवं तेवढं तिला वाटलंही, पण त्याच्याखालून काहीतरी उड्या मारत वर येत होतं. गेलं कुठं हे कळलं होतं. ज्याची वाट सापडली ते वळवता येतं.

वळवणं मात्र बोलण्याइतकं सोपं नव्हतं. मुकादम आधी ऐकेना. बाया त्याच्याहून ऐकेनात. पंचशीलानं त्यांचा चहा तोडायचं ठरवलंय असा गवगवा झाला आणि पारूबाईनं पाटी खाली टाकून सांगितलं की रक्त नसलं तरी चालंल, चा पायजे. त्यावर पंचशीलानं नळ्यांचा तोच खेळ त्यांच्यासमोर वाट्यांत मांडला. काळी वाटी हातोहात फिरली. पारूबाईनं त्यात बोट बुडवून कपाळाला लावून बघितलं आणि डाग पडल्यावर तिचा आवाज जरा खाली आला. शेवटी ठरलं ते असं: कामावर आल्याबरोबर गोळी, तीही लिंबू पिळलेल्या घोटभर पाण्यासंगं, आणि चहा दोन तासांनी, दहालाच, नेहमीसारखा. चहा कुणाचाच गेला नाही, फक्त गोळी त्याच्यापासून लांब गेली. एवढ्यासाठी इतकं भांडलो का, म्हणून बाया एकमेकींना हसल्या.

राहता राहिली लिंबं. त्या उन्हाळ्यात पंचक्रोशीत हिरवं लिंबाचं झाड एकच होतं, गुणाबाईच्या परसात. गुणाबाई गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. विहीर आटली तरी तिनं भांड्याधुण्याचं पाणी घालून ते झाड जगवलं होतं. पंचशीलाचं तिच्याकडं आठवड्यातून दोनदा जाणं असायचं, सुनेला सातवा महिना होता. ओसरीवर बसलं की गुणाबाई न विचारता चहा आणायची, घरातल्या सगळ्यांच्या असायच्या त्याच फुलाफुलांच्या कपबशीत. पंचशीला तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायची. आता या घरी, या ओसरीवर, नको म्हणायचं होतं. तिची सकाळची गोळी कामावर हुकली होती, ती आता घ्यायची होती आणि लिंबंही इथंच मागायची होती. वाटेनं येताना ती दोनदा थांबली. तिला कळेना, यात एवढं काय आहे.

एवढं काय आहे ते तिच्या बापाला विचारायला हवं होतं. केरबा रेल्वेत लागण्याआधी मुदखेडजवळच्या एका खेड्यात राहायचे. तिथल्या मोठ्या घरी दिवसभर राबल्यावर त्यांना चहा मिळायचा, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. वरून ओतायचे. पिऊन झाल्यावर तो आपणच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. छप्पन साली घरदार बौद्ध झालं, पुढल्या वर्षी मुलगी झाली, तिचं नाव पंचशीला ठेवलं, आणि केरबांनी त्या कोनाड्याकडं पाठ केली ती कायमची. गँगमन झाल्यावर स्टेशनच्या हॉटेलात पहिल्यांदा सगळ्यांसारखा कप समोर आला, तेव्हा ते म्हणे तो कितीतरी वेळ नुसता धरून बसले होते. त्यांनी लेकीला शिकवलं ते एवढंच, की चांगल्या कपात कुणी चहा दिला तर नको म्हणायचं नाही. एकदा नको म्हटलं की पुन्हा विचारत नाहीत. पंचशीलानं ते पाळलं होतं. औसा तालुक्यातल्या साऱ्या ओसऱ्यांवर तिनं दिवसाला दहा-दहा कप पाळलं होतं. तिला चहा आवडतो का, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. तो तिला गुणाबाईच्या दारात पडला, आणि उत्तर आलं की फारसा नाही.

गुणाबाई कप घेऊन आली. पंचशीला म्हणाली, "नको बाई, आज चा नको." बोलताना तिचा आवाज तिलाच परका वाटला. गुणाबाई थांबली. बशीत कप किंचित वाजला. चेहऱ्यावर जे आलं ते पंचशीलानं ओळखलं, कारण ते तिनं आरशात पाहिलेलं होतं. गुणाबाई हळू म्हणाली, "कामून वो सिस्टर? आमच्या घरचं चालंना का आता?"

या वाक्याची दुसरी बाजू तिच्या घरात दोन पिढ्या मुक्कामाला होती. आणि आज ती बाजू उलटून समोर उभी होती, हातात फुलाफुलांचा कप घेऊन, खरंच दुखावलेली. तिला हसू येतंय की रडू, हे ठरेना. तिनं गुणाबाईचा हात धरून तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. साडेआठ सांगितले, नागुबाई सांगितली, शाई सांगितली. गुणाबाई ऐकता ऐकता तो कप स्वतःच पिऊन गेली आणि मग दचकून, माझ्याबी पोटात शाई का, म्हणून विचारती झाली. नुसत्या चहानं होत नाही, गोळीच्या वेळेला तेवढा नको, असं पंचशीलानं समजावलं. गुणाबाईनं सुनेला हाक मारून तिला गोळी कशासंगं घेतेस ते विचारलं. सून म्हणाली, चासंगं. त्यावर गुणाबाई उठली, परसात गेली आणि ओचाभर लिंबं घेऊन आली. त्यांतलं एक तिथंच चिरून दोन पेल्यांत पिळलं, एक सुनेला, एक सिस्टरला. दर तिसऱ्या दिवशी माणूस पाठवा, झाडाला असतील तोवर न्या, असं सांगताना तिचा सूर पुन्हा फटकळ झाला होता. पंचशीला बाहेर पडली तेव्हा तिच्या दाढा आंबल्या होत्या आणि ती गावातून जवळजवळ पळत होती. नको म्हटलं होतं आणि काहीच मोडलं नव्हतं. उलट कुणीतरी विचारलं होतं, का नको.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गुरुलिंग पेटी घेऊन आला. आभाळ भरून येत होतं, जात होतं. त्यानं एकेकीचं बोट धरलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. नऊ. साडेनऊ. दहा. पारूबाईचे साडेनऊ निघाले तेव्हा ती सगळ्यांना बोट दाखवत फिरली, जणू आकडा तिथं लिहिलेला आहे. आलेल्या एक्केचाळीस जणींपैकी पस्तीस जणींचं रक्त वाढलं होतं. सहा जणींचं नाही, त्यातल्या दोघींनी मार्चनंतर गोळ्या मुळी घेतल्याच नव्हत्या असं त्यांनी आपणहून सांगितलं, चौघींचं काय ते कळायचं होतं. नागुबाई नव्हती. तिला आठ दिवसांपूर्वी मुलगी झाली होती, अडीच किलोची, आणि बाळंतपणात ती सुखरूप होती. डॉक्टर कागद उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पंचशीलाला जवळ बोलावून विचारलं की हे सगळ्या कामांवर करायचं तर परिपत्रक कसं लिहावं, आणि तिनं सांगितलं तसं ते लिहीत गेले. खाली सही त्यांची होती. गुरुलिंगला ते खटकलं. पंचशीलालाही खटकलं, नाही असं नाही, पण संध्याकाळपर्यंतच. मग तिनं आपलं बोट त्याच्यापुढं धरलं. अकरा.

त्या महिन्यात ती चार दिवस मुदखेडला गेली. आईसाठी तिनं गोळ्या नेल्या होत्या आणि कशा घ्यायच्या ते तीनदा सांगितलं. बापाला तिनं गुणाबाईची गोष्ट सांगितली. केरबा आता निवृत्त झाले होते. त्यांनी ती गोष्ट ऐकली, मध्ये एकदा थांबवून गुणाबाई नेमकं काय म्हणाली ते पुन्हा सांगायला लावलं, आणि उठून बाहेर गेले. रागावले असावेत असं तिला वाटलं. त्यांचा एकमेव नियम तिनं मोडला होता आणि वर तो हसत हसत सांगितला होता.

परत निघाली त्या सकाळी ते तिला स्टेशनवर पोचवायला आले. नांदेडची गाडी उशिरा होती. फलाटावर शेषेराव भेटले, केरबांच्या त्याच जुन्या खेड्यातले, त्याच मोठ्या घरातला धाकटा मुलगा. आता त्यांचेही केस पिकलेले. बाजाराला, कोर्टाला जाताना ते इथं भेटायचे आणि केरबांना चहा पाजायचे, इतकी वर्षं, न चुकता, आणि केरबा न चुकता घ्यायचे. दोघांमध्ये जुन्या गोष्टींचा शब्दही निघत नसे. आजही शेषेराव हॉटेलात जाऊन दोन्ही हातांत दोन कप घेऊन आले, वाफाळते, कान शाबूत असलेले. एक त्यांनी पुढं केला.

केरबा कपाकडं बघत राहिले. मग अगदी सहज, पागोट्याचं टोक नीट करत म्हणाले, "नको, शेषेराव."

शेषेरावांचा हात तसाच पुढं राहिला. "का वो केरबा? काय चुकलं का आमचं?"

"चुकलं न्हाई," केरबा म्हणाले. "गोळी घेतलीय रक्ताची. तासभर चा चालत न्हाई."

पंचशीलानं बापाकडं पाहिलं. त्यांनी आयुष्यात रक्ताची गोळी घेतलेली नव्हती. ते तिच्याकडं बघतच नव्हते. ते रुळांकडं बघत होते, पाठ ताठ, आणि तोंडावर असं काही होतं की जणू नवी चप्पल घालून चार पावलं टाकून बघतायत. शेषेराव काळजीनं विचारत होते की कसली गोळी, कुणी दिली, त्रास आहे का काही, आणि केरबा एकेका प्रश्नाला सावकाश, चवीनं उत्तर देत होते. दुसऱ्या कपाचं काय करावं हे शेषेरावांना सुचेना. शेवटी त्यांनी तो पंचशीलापुढं धरला आणि विचारलं, तुम्हाला तरी चालंल का, बाई.

पंचशीलानं घड्याळ बघितलं. तिची गोळी घेऊन दोन तास होऊन गेले होते. गाडीचा अजून पत्ता नव्हता, आणि तिला खरोखरच चहा प्यावासा वाटत होता. तिनं तो घेतला.